कझाकस्तानला जॅक्सन-व्हॅनिकमधून मोकळं करा: अमेरिकन काँग्रेसला खुलं पत्र

प्रति,
अमेरिकन काँग्रेसचे सर्व सन्माननीय सदस्य,
आणि विशेष करून हाऊसची वेज अँड मीन्स कमिटी व सिनेटची फायनान्स कमिटी,
वॉशिंग्टन डी. सी.

नमस्कार आणि शालोम,

याच पत्राची इंग्लिश प्रत मी माझ्या खासदारांच्या ऑफिसला वेगळी पाठवलेली आहे. ही मराठीत लिहितेय कारण न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया, इलिनॉय, जिथे जिथे आमची मराठी माणसं घर करून राहिली आहेत तिथे ती मतदारही आहेत, आणि हा विषय त्यांच्यापर्यंत कधी पोचतच नाही. मिशिगनमधून निवडून आलेले श्री ठाणेदार बेळगावात वाढलेले, त्यांना तर हे वाचायला कुणाची मदतही लागणार नाही. बाकीच्यांनी स्टाफकडून वाचून घ्यावं ही विनंती.

मागणी आधीच सांगते, नंतर कारणं. तुमच्या १९७४ च्या ट्रेड ॲक्टमधल्या कलम ४०२ मधून, ज्याला सगळे जॅक्सन-व्हॅनिक म्हणतात, कझाकस्तानला कायमचं बाहेर काढा आणि त्या देशाला कायमस्वरूपी नॉर्मल ट्रेड रिलेशन्सचा दर्जा द्या, म्हणजे व्यापारात बाकीच्या देशांसारखीच वागणूक. हे राष्ट्राध्यक्ष करू शकत नाहीत, परराष्ट्रमंत्री करू शकत नाहीत, फक्त तुम्ही करू शकता, म्हणून पत्र तुम्हाला.

आता वाचणाऱ्यांसाठी थोडं मागे जाते. १९७२ च्या ऑगस्टमधे सोव्हिएत सरकारने एक फर्मान काढलं की ज्या शिकलेल्या माणसाला देश सोडून जायचंय त्याने आपल्या शिक्षणाचा खर्च सरकारला परत करायचा. हा पैसा इतका होता की साध्या डॉक्टरला, इंजिनिअरला, मास्तराला कित्येक वर्षांच्या पगारातूनही भरता येणार नाही. सगळ्यांना ठाऊक होतं की रोख ज्यूंवर आहे, कारण इस्रायलला जायचे अर्ज तेच करत होते, आणि अर्ज केला की नोकरी जायची, फोन तोडला जायचा, पोरांना कॉलेजमधे ॲडमिशन मिळायची नाही. त्यावर वॉशिंग्टन राज्याचे सिनेटर हेन्री जॅक्सन आणि ओहायोचे खासदार चार्ल्स व्हॅनिक यांनी ट्रेडच्या कायद्यात एक दुरुस्ती घातली. अट अशी की जो कम्युनिस्ट देश आपल्या माणसांना बाहेर जाऊ देत नाही किंवा जाण्यावर जबर कर लावतो, त्याला अमेरिकेशी व्यापारात बाकीच्या देशांसारखी वागणूक मिळणार नाही. सिनेटमधे ती ८८ विरुद्ध ० मतांनी पास झाली. ३ जानेवारी १९७५ ला राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांची सही झाली.

मला हा कायदा परका नाही. मी बेने इस्राएल आहे, कोकणातल्या रायगड जिल्ह्यातल्या गावावरून ज्यांची आडनावं पडली त्या ज्यूंपैकी. आमच्या घरात मराठीच बोललं जातं, आजी मलिदाच्या ताटात पोहे, खोबरं, फळं मांडायची, शनिवार आमचा शब्बाथ, त्या दिवशी तेलाचा घाणा बंद, म्हणून आम्हाला गावात शनिवार तेली म्हणायचे, आणि शेजारपाजारच्या हिंदू-मुसलमान घरांनी आम्हाला कधी आम्ही ज्यू आहोत म्हणून त्रास दिला नाही. माझे काका मुंबईत इंजिनिअरिंग शिकले, सरकारी फी भरून शिकले, आणि मग इस्रायलला गेले. कुणी त्यांच्याकडे शिक्षणाचे पैसे मागितले नाहीत, कुणी नोकरीवरून काढलं नाही, बोटीवर सोडायला अर्धी आळी आली होती असं घरात सांगतात. त्याच काळात मॉस्को आणि कीव्हमधले माझे धर्मबांधव परवानगीसाठी वर्षानुवर्षं ताटकळत होते, काही तुरुंगात होते. त्यांच्यासाठी अमेरिकेच्या काँग्रेसने उभं राहायचं ठरवलं याबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते, आणि ती मनापासून आहे. म्हणूनच या कायद्याचं पुढे जे झालं ते मला गप्प बसून बघवत नाही.

व्यवहाराचाही संबंध आहे, तो लपवत नाही. माझा न्यू जर्सीत छोटा धंदा आहे, लोकरीच्या नमद्याचे, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचे गालिचे, भिंतीवर लावायच्या पट्ट्या, घरात घालायच्या चपला असा माल आम्ही कझाकस्तानातल्या आल्माटी शहरातून आणतो. माझी मावशी इस्रायलमधे अश्दोदला राहते, तिच्या शेजारी आल्माटीहून नव्वदच्या दशकात आलेलं एक कुटुंब आहे, त्यांच्या ओळखीतून तिथल्या बायकांच्या एका छोट्या वर्कशॉपशी माझी गाठ पडली. कझाक लोक त्या गालिच्याला सिरमाक म्हणतात. दोन रंगांचा नमदा एकावर एक ठेवून एकच नक्षी कापायची, मग एकाचा तुकडा दुसऱ्याच्या मोकळ्या जागेत बसवायचा आणि हाताने शिवायचं, म्हणजे काहीच वाया जात नाही, आणि शिवणीवर लोकरीची दोरी बसवायची. एका मोठ्या गालिच्याला महिने लागतात. या बायकांचं वर्षाचं गणित माझ्या ऑर्डरवर बऱ्यापैकी अवलंबून असतं आणि माझं त्यांच्यावर.

तर आता तक्रारी.

पहिली आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. या कायद्याने जे मागितलं होतं ते कझाकस्तानने कधीच दिलेलं आहे. १९९१ नंतर तिथून ज्याला जायचं तो गेला. १९८९ च्या जनगणनेत त्या देशात साडेनऊ लाखांच्या आसपास जर्मन होते, १९४१ मधे स्टालिनने व्होल्गाकाठच्या जर्मनांना उचलून मध्य आशियात आणि सैबेरियात फेकलं होतं त्यांची ही बरीचशी मुलंनातवंडं. १९९९ च्या जनगणनेत ते साडेतीन लाख उरले, कारण बाकीचे बहुतेक जर्मनीला निघून गेले. दहा वर्षांत सहा लाख माणसं. रशियन लाखोंनी रशियात गेले. ज्यू इस्रायलला, अमेरिकेला, जर्मनीला गेले, माझ्या मावशीचे शेजारी त्यातलेच. दार बंद असतं तर हे झालंच नसतं. आणि हे मी एकटी म्हणत नाही, तुमच्याच सरकारने १९९७ मधे लेखी ठरवलं की कझाकस्तान कलम ४०२ च्या अटी पूर्णपणे पाळतो. तेव्हापासून डेमोक्रॅट असो की रिपब्लिकन, प्रत्येक सरकारने तेच म्हटलंय. कायद्याप्रमाणे दर सहा महिन्यांनी, जूनअखेर आणि डिसेंबरअखेर, याचा रिपोर्ट तुमच्याकडे येतो. जवळजवळ तीस वर्षं रिपोर्ट येतोय की अट पूर्ण आहे, आणि तीस वर्षं तुम्ही तो फाईल करून ठेवताय. अट पूर्ण करूनही नाव निघत नसेल तर अट घालायचीच कशाला, हा प्रश्न मी खरंच उत्तर हवं म्हणून विचारतेय.

एक सांगायला हवं, कारण विरोधक लगेच म्हणतील की बाई, आत्ताही कझाकस्तानच्या मालाला नॉर्मल दरच लागतो की. हो, लागतो. पण तो राष्ट्राध्यक्षांच्या त्या सहामाही निर्णयावर टिकून आहे, कायद्याने कायमचा दिलेला नाही. याने काय फरक पडतो हे मोठ्या तेल कंपनीला विचारलं तर त्यांना कदाचित काही जाणवणार नाही, त्यांच्याकडे वकिलांची फौज असते. मला विचारा. मागे एका मोठ्या दुकानांच्या साखळीने आमचे गालिचे ठेवायची तयारी दाखवली, सॅम्पल पसंत झाले, भाव ठरला, आणि मग त्यांच्या वकिलाने करारात एक कलम घातलं की या देशाचा दर्जा टेंपररी आहे, तो काढला गेला तर जी काही वाढीव ड्युटी बसेल ती सगळी पुरवठादाराने भरायची. दर्जा गेला की जे दर लागतात ते अमेरिकन टॅरिफ यादीतल्या दुसऱ्या कॉलमचे, मुळात १९३० च्या टॅरिफ कायद्यातले, आणि बऱ्याच मालाला ते इतके जास्त आहेत की धंदाच उरत नाही. मी सही करू शकले नाही. घर गहाण ठेवून धंदा उभा केलेल्या बाईने अशा कागदावर सही करायची कशी? त्या दुकानवाल्यांना मी दोष देत नाही, त्यांच्या वकिलाने कायदा वाचला आणि कायद्यात जे आहे ते लिहिलं. दोष कायद्यात तसं ठेवणाऱ्यांचा आहे. आल्माटीच्या वर्कशॉपमधे त्या ऑर्डरच्या भरवशावर लोकर घेऊन ठेवली होती, ती खबर त्यांना फोनवर सांगताना मला फार वाईट वाटलं.

दुसरी तक्रार, आणि ही माझ्या धंद्यातल्या कुणालाही लगेच कळेल. आल्माटीहून किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक गाडीने चार-पाच तासांवर आहे. तेच डोंगर, तशीच मेंढरं, तशीच लोकर, आणि जवळजवळ तसाच गालिचा, ते त्याला शिरदाक म्हणतात. यर्ट, म्हणजे भटक्या लोकांचे गोल तंबू, बांधायची जी परंपरागत कला युनेस्कोने २०१४ मधे आपल्या यादीत घेतली ती कझाक आणि किर्गिझ दोघांच्या नावावर एकत्र घेतली आहे. पण बिश्केकहून आणलेला गालिचा २००० सालापासून कायमस्वरूपी नॉर्मल दर्जाचा आहे आणि आल्माटीहून आणलेला आजपर्यंत नाही. किर्गिझस्तानला दर्जा दिला हे अगदी योग्य केलंत. मग शेजाऱ्याला का नाही? किर्गिझस्तान १९९८ मधे डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत आला आणि दीड वर्षात तुम्ही त्याचं काम करून टाकलंत. कझाकस्तानने १९९६ मधे अर्ज केला, जवळजवळ वीस वर्षं वाटाघाटी केल्या, अमेरिकेच्या बाजूच्या मागण्याही त्यात होत्या, आणि ३० नोव्हेंबर २०१५ ला सदस्य झाला. त्याला दहा वर्षं होऊन गेली.

इतरांची यादीही बघा. जॉर्जिया २०००, आर्मेनिया २००४ चा कायदा, युक्रेन २००६, मोल्दोव्हा २०१२. सगळे सोव्हिएत युनियनमधलेच. चीनला, जिथे आजही कम्युनिस्ट पार्टीचंच राज्य आहे, २००० मधे कायदा करून कायमचा दर्जा दिलात. व्हिएतनामला २००६ मधे. आणि खुद्द रशियाला २०१२ च्या डिसेंबरमधे! ज्या क्रेमलिनने तो शिक्षणाचा कर लावला, ज्याच्यासाठी हा कायदा जन्माला आला, त्याचा वारस देश सुटला, आणि ज्या कझाकस्तानात मॉस्कोने माणसं हद्दपार करून पाठवली, ज्याच्या गवताळ जमिनीवर अणुस्फोट केले, तो अजून अडकून पडलाय. यात न्याय कुठे आहे ते कुणीतरी मला समजावून सांगा.

अणुस्फोटांचं मुद्दाम काढलं कारण त्यावर दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. सेमिपालातिन्स्कच्या मैदानावर १९४९ ते १९८९ मधे सोव्हिएत सैन्याने ४५६ अणुचाचण्या केल्या. आजूबाजूच्या गावातल्या लोकांना काही सांगितलं नव्हतं, कॅन्सर आणि जन्मतः व्यंग असलेली मुलं ही तिथल्या कुटुंबांची गोष्ट अजून संपलेली नाही. २९ ऑगस्ट १९९१ ला, सोव्हिएत युनियन कागदावर जिवंत असतानाच, कझाकस्तानने ते मैदान बंद केलं. देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्या जमिनीवर हजाराहून जास्त सोव्हिएत अण्वस्त्रं होती, जगातला चौथ्या नंबरचा साठा. ठेवायचा मोह कुठल्याही नव्या देशाला झाला असता. त्यांनी सगळी परत केली, शेवटचं १९९५ मधे गेलं. आणि १९९४ मधे उस्त-कामेनोगोर्स्कच्या कारखान्यातलं जवळजवळ ६०० किलो बॉम्बच्या दर्जाचं युरेनियम अमेरिकन विमानांत भरून टेनेसीच्या ओक रिजला पाठवलं, त्या कामगिरीला तुमच्याच लोकांनी प्रोजेक्ट सफायर नाव दिलं होतं. अमेरिकेवर इतका विश्वास टाकणाऱ्या देशाला तुम्ही अजून सहा-सहा महिन्यांच्या हजेरीवर ठेवलंय.

आम्हा ज्यूंच्या बाजूनेही एक गोष्ट सांगते. दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या फौजा पुढे सरकत होत्या तेव्हा हजारो ज्यू कुटुंबं गाड्यांत भरून पूर्वेला आली आणि त्यातली कितीतरी कझाक गावांत जगली. लुबाविच या ज्यू पंथाच्या शेवटच्या रेब्बेंचे, म्हणजे मुख्य धर्मगुरूंचे वडील, रब्बी लेवी यित्झाक श्नेरसन, यांना सोव्हिएत सरकारने कझाकस्तानात हद्दपार केलं, १९४४ मधे ते आल्माटीत वारले, आणि त्यांच्या कबरीवर आज जगभरातून लोक येतात. मीही तिथे जाऊन आमच्या रिवाजाप्रमाणे कबरीवर दगड ठेवून आले. सिनेगॉग उघडं आहे, प्रार्थना होते, कुणी अडवत नाही. इस्रायलशी त्यांचे राजनैतिक संबंध १९९२ पासून आहेत आणि नोव्हेंबर २०२५ मधे ते इस्रायलशी संबंध जोडणाऱ्या अब्राहम करारात यायला तयार झाले. ज्यूंच्या हक्कासाठी केलेला कायदा अशा देशाच्या गळ्यात अडकवून ठेवणं हा त्या कायद्यासाठी लढलेल्या माणसांचाही अपमान आहे असं मला वाटतं. मॉस्कोत ज्यांनी नोकऱ्या गमावल्या, तुरुंग सोसला, ते यासाठी नाही की पन्नास वर्षांनी त्यांच्या नावाने कुणीतरी गालिचे शिवणाऱ्या बायकांची ऑर्डर अडवावी.

तिसरी तक्रार थोडक्यात, कारण ती अमेरिकेच्या स्वतःच्या नुकसानाची आहे आणि ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली कळते. कायमचा दर्जा देता येत नसल्यामुळे अमेरिकेने डब्ल्यूटीओत कझाकस्तानपुरतं नॉन-ॲप्लिकेशन जाहीर केलंय. म्हणजे तिथे एखाद्या अमेरिकन कंपनीच्या मालावर नियम मोडून कर लावला किंवा अडवणूक केली तर अमेरिका डब्ल्यूटीओत दाद मागू शकत नाही, युरोपियन आणि चिनी मागू शकतात. अमेरिकन तेल कंपनी शेव्हरॉन १९९३ पासून तिथल्या टेंगिझच्या तेलात आहे, अमेरिकन रेल्वे इंजिनं अस्तानाच्या कारखान्यात जोडली जातात, जगात खाणीतून निघणाऱ्या युरेनियमपैकी साधारण चाळीस टक्के एकट्या कझाकस्तानातून येतं आणि भारतही ते विकत घेतो. एवढा सगळा व्यवहार, आणि भांडण झालं तर जायला कोर्ट नाही.

या देशाची रशियाशी साडेसात हजार किलोमीटरची सीमा आहे आणि दुसऱ्या बाजूला चीन. २०२२ मधे युक्रेनवर हल्ला झाल्यावर त्यांनी रशियाने तोडलेल्या भागांना मान्यता दिली नाही, आणि माल कॅस्पियन समुद्रावरून, अक्ताऊ बंदरातून बाकू आणि जॉर्जियामार्गे युरोपला न्यायचा रस्ता वाढवायला घेतला. असा शेजार असताना हे करायला हिंमत लागते. अमेरिकेकडून मात्र कायद्याच्या पुस्तकात अजून जुन्याच रकान्यात नाव.

आता विरोधाचे मुद्दे, जे मी ऐकलेत आणि ज्यांना उत्तर द्यायलाच हवं.

मानवी हक्क. हा मुद्दा मी हलका घेत नाही आणि कुणी घेऊ नये. १६ डिसेंबर २०११ ला जानाओझेनमधे संपावर असलेल्या तेल कामगारांवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या. जानेवारी २०२२ मधे गॅसच्या भाववाढीवरून त्याच गावातून निदर्शनं सुरू झाली, देशभर पसरली, आणि सरकारी आकड्यानुसारच दोनशेहून जास्त माणसं मेली. त्यातल्या कितीतरी घरांना अजून न्याय मिळालेला नाही. पण कलम ४०२ यातलं काहीच मोजत नाही. ते फक्त विचारतं की माणसाला देश सोडता येतो का आणि त्यावर कर आहे का. या कायद्यामुळे जानाओझेनच्या एकाही विधवेला काही मिळालं नाही आणि गोळी चालवायचा हुकूम देणाऱ्या एकाचंही काही बिघडलं नाही. त्यासाठी मॅग्नित्स्की कायदा आहे, त्या त्या माणसाचा व्हिसा बंद करा, अमेरिकेतली मालमत्ता गोठवा. रशियाला कायमचा दर्जा दिलात तेव्हा त्याच कायद्यात मॅग्नित्स्कीच्या तरतुदी घातल्या होत्या, म्हणजे दोन्ही एकत्र करता येतं हे तुम्ही स्वतः करून दाखवलंय.

दुसरं म्हणतात की एकदा कायमचा दर्जा दिला की हातातलं हत्यार गेलं. असं होत नाही. रशियाचा दर्जा २०१२ मधे दिलात आणि युक्रेनवर हल्ला झाल्यावर एप्रिल २०२२ मधे, दीड महिन्याच्या आत, काढूनही घेतलात, सोबत बेलारूसचाही. काँग्रेसला जे द्यायचा अधिकार आहे ते काढायचाही आहे.

आणि तिसरं, की सध्या टॅरिफचं जे काही चाललंय त्यात या दर्जाला अर्थ काय उरलाय. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या २ एप्रिल २०२५ च्या टॅरिफ यादीत कझाकस्तानसमोर २७ टक्के होते, जुलैच्या पत्रात २५ झाले. तेल, युरेनियम असा बराच माल त्यातून वगळला होता, नमद्याच्या गालिच्याला कुणी वगळलं नाही. त्याची झळ मी सोसलीय. पण तो वाद सगळ्या जगाशी आहे, कोर्टापर्यंत गेला, आज एक दर उद्या दुसरा. तो उद्या पूर्ण मिटला तरी कझाकस्तान कलम ४०२ खालीच राहील, आणि माझ्यासमोर तोच करार तेच कलम घेऊन येईल. वरचे दर सरकार बदललं की बदलतात, खालचा पाया तुम्ही घालायचा असतो.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे की या विषयाला उघड विरोध करणारं फारसं कुणी नाहीच. दोन्ही पक्षांचे सदस्य मिळून बिल मांडतात, ते कमिटीकडे जातं, सुनावणी होत नाही, काँग्रेसची मुदत संपते, बिल मरतं, पुढच्या काँग्रेसमधे पुन्हा नवा नंबर. परराष्ट्रमंत्री रुबिओ यांनी २०२५ मधे हा कायदा कालबाह्य झाल्याचं बोलून दाखवलं. ६ नोव्हेंबर २०२५ ला मध्य आशियाचे पाचही राष्ट्राध्यक्ष व्हाईट हाऊसमधे येऊन गेले, फोटो झाले, मोठमोठे करार जाहीर झाले. पण जे काम फक्त काँग्रेसचं आहे ते काँग्रेसच्या टेबलावरच आहे. शेतकऱ्याचा सातबारा तलाठ्याकडे अडकावा, कर्ज फिटलेलं असावं, बँकेचा दाखला जोडलेला असावा, आणि तरी बोजा उतरवायला कुणाला वेळ नसावा, असं हे झालंय. महाराष्ट्रातल्या वाचकाला ही चीड वेगळी समजावून सांगायला नको.

म्हणून माझ्या मागण्या, साध्या भाषेत:

१. कझाकस्तानला कलम ४०२ मधून बाहेर काढून कायमचा दर्जा देणाऱ्या बिलावर वेज अँड मीन्सच्या ट्रेड सबकमिटीने आणि सिनेटच्या फायनान्स कमिटीने याच काँग्रेसच्या मुदतीत सुनावणी घ्यावी आणि नंतर सभागृहात मतदान व्हावं. विरोधात मत द्यायचं तर द्या, पण द्या, आणि कारण सांगा.

२. सुनावणीला फक्त तेल आणि खाणवाल्या कंपन्यांना बोलावू नका. छोटे आयातदार, कझाकस्तानातून बाहेर पडलेले ज्यू आणि जर्मन, जानाओझेन आणि जानेवारी २०२२ मधल्या मृतांचे नातेवाईक, यांनाही ऐका.

३. दर्जा दिल्यावर लगेच डब्ल्यूटीओतलं नॉन-ॲप्लिकेशन मागे घ्यावं असं सरकारला सांगा.

४. मानवी हक्कांचा आढावा बंद करू नका. तो ज्या कायद्याने होतो त्या कायद्याने करा आणि जबाबदार माणसांवर नावानिशी कारवाई करा.

५. उझबेकिस्तान, ताजिकिस्तान, तुर्कमेनिस्तान, अझरबैजान यांचा निर्णय ज्याच्या त्याच्या कागदावरून करा. सगळे एकत्र सुटतील तेव्हाच कझाकस्तान सुटेल असं करू नका. तुर्कमेनिस्तानात लोकांना बाहेर पडायला आजही अडवलं जातं, तिथे हा कायदा लागू राहिला तर माझी हरकत नाही, तो त्यासाठीच आहे.

आणि अमेरिकेतल्या मराठी मंडळींना वेगळी विनंती. आपल्यापैकी कित्येकांची भाचरं, पुतणे आल्माटीला नाहीतर बिश्केकला एमबीबीएस करतायत, त्यांना विचारा त्या लोकांनी त्यांना कसं वागवलं. मग आपल्या झिपकोडच्या खासदाराच्या ऑफिसला फोन लावा, दोन मिनिटं लागतात, समोरचा स्टाफर नाव, पत्ता आणि विषय लिहून घेतो. विषय सांगायचा, कझाकस्तान, पर्मनंट नॉर्मल ट्रेड रिलेशन्स, बिलावर सुनावणी कधी घेताय. माहित नाही असं उत्तर आलं तर पुढच्या आठवड्यात परत फोन करा. दिवाळीच्या कार्यक्रमाला जे खासदार येतात, शाल घेतात, फोटो काढतात, त्यांना तिथे समोरासमोर विचारा.

सन्माननीय सदस्यहो, माझ्या खासदारांच्या ऑफिसने इंग्लिश पत्राची पोच दिली आहे. पोच नको, सुनावणीची तारीख हवी आहे. ती कळवाल तेव्हा मी वॉशिंग्टनला स्वतःच्या खर्चाने येईन आणि जे इथे लिहिलंय ते शपथेवर सांगेन.

आपली,
एक मतदार आणि छोटी व्यावसायिक,
बेने इस्राएल, मूळ रायगड, सध्या न्यू जर्सी